पल्याडवाडीचा दोर

पुण्याहून निघालो तेव्हा माझ्याजवळ एक छत्री, दोन धोतरं, चिवड्याचा डबा आणि अर्धवट लिहिलेलं एक पुस्तक होतं. पुस्तक शाळकरी मुलांसाठी, जगातल्या आरमारांविषयी. शिडं जाऊन वाफ आली, लाकूड जाऊन लोखंड आलं, कोळसा जाऊन तेल आलं आणि दर नव्या संकटाला आरमारांनी कसं तोंड दिलं, हे सगळं मी वाचनालयातल्या पंख्याखाली बसून झकास लिहून काढलं होतं. अडचण एवढीच होती, की मी समुद्र पाहिला होता तो चौपाटीवरून, भेळ खाता खाता. "एखाद्या खऱ्या आरमारवाल्याला तरी भेटा," असं बायको म्हणाली आणि मला ते लागलं.

शाळेतल्या एका सहकाऱ्यानं नाव सुचवलं: शिवराम, गावाकडचे शिवातात्या. महायुद्धाच्या आधीपासून नौदलात, आता निवृत्त. राहणार कुठं, तर समुद्रकाठी नव्हे, पोलादपूरच्या डोंगरात. मी पत्र टाकलं. उलट टपाली कार्ड आलं : "गणपतीला या. येताना महाडच्या बंदरावर हसनभाईंकडं माझा दोर तयार आहे तो आणा. दोर आणलात तर पाहिजे ते सांगेन." दोर म्हणजे फार तर पिशवीत मावेल, अशी माझी समजूत. मी खुशाल होकार कळवला.

भोर सोडून मोटार वरंधच्या घाटाला लागली आणि ढगात शिरली. ड्रायव्हर मान बाहेर काढून रस्ता शोधत होता आणि आम्ही त्याच्या मानेकडं बघून देवाचं नाव घेत होतो. एका वळणावर छोटीशी दरड आली होती. सगळे खाली उतरले, धोतरं खोचली आणि दगड बाजूला सारू लागले. मीही एक दगड उचलला, तो पायावर पाडून घेतला आणि मग छत्री धरायचं काम पत्करलं. खाली वरंध गावात चहा मिळाला. चहावाल्यानं विचारलं, "कुनीकडं?" पोलादपूरला नेव्हीच्या माणसाला भेटायला, म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हंजे शिवातात्या! दोर घेतलाव का त्यांचा?" घाट उतरेपर्यंत माझ्या आधी माझ्या दोराची बातमी पोचली होती.

महाडचं बंदर म्हणजे सावित्रीच्या काठचा चिखल, दोन-चार नांगरलेले मचवे आणि डांबराचा वास. हसनभाई एका वखारीच्या ओटीवर बसले होते. साठीपलीकडचे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली.

"पूर्वी भरतीसंगं मचवे पार हितवर यायचे," ते सांगू लागले. "आता गाळ चढला, नि रस्त्यानं ट्रका धावतात. मग मी काय करू? कौलं ठेवली, डांबर ठेवलं, दोर वळून विकतो. लढाईत मात्र लय काम होतं. आमच्या मचव्यांनी मुंबईच्या गोदीला सागवान नेलं, जहाजं बांधायला."

"लोखंडी जहाजांच्या काळात लाकूड?" मी मास्तराच्या सवयीनं विचारलं.

"आता त्ये तुमी शिवातात्याला इचारा," असं म्हणून हसनभाई उठले आणि त्यांनी वखारीचं दार उघडलं. आत माझा दोर होता. मनगटाएवढा जाड, आणि वेटोळं एवढं मोठं की त्यात मांडी घालून माणूस जेवायला बसला असता. मी छत्री खाली ठेवली आणि वेटोळ्याभोवती एक फेरी मारली.

"काथ्याचा नाय ह्यो," हसनभाई त्यावर हात फिरवत म्हणाले. "गेल्या साली तात्यानं काथ्याचा नेलान् नि मग काय झालं त्ये त्याच्याच तोंडून ऐका. ह्यो भिजला तरी दगा नाय द्यायचा."

रात्री खाणावळीत तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं (मोड आणून सोललेल्या वालांची उसळ) जेवलो. वाल किंचित कडवट, वर ओल्या खोबऱ्याची गोडी. पुण्यात आम्ही ज्याला बिरडं म्हणतो ते पुन्हा कधी कौतुकानं खाववेल असं वाटत नाही. सकाळी चवदार तळ्यावर जाऊन आलो. पाणी शांत होतं, पायऱ्यांवर एक म्हातारे गृहस्थ धोतर वाळत घालत होते. "मार्चमध्ये या," ते म्हणाले, "तेव्हा इथं पाय ठेवायला जागा नसते. मी पहिल्या वेळी होतो, वडिलांबरोबर." मी त्यांच्या शेजारी थोडा वेळ बसलो. ज्या पाण्यासाठी माणसांना इतकं झगडावं लागलं ते पाणी ओंजळीत घेतलं आणि प्यालो.

पोलादपूरच्या मोटारीत कंडक्टरनं दोराकडं पाहून विचारलं, "ह्याचं तिकीट काढलंत का?" टपावर ताडपत्रीखाली जागा नव्हती, म्हणून दोर माझ्या पायाशी आला. डांबराच्या वासानं पुढच्या बाकावरच्या बाईंचं पोर रडायला लागलं आणि सबंध मोटार माझ्याकडं मीच रडवल्यासारखी बघू लागली. पोलादपूर आलं तेव्हा मी देवाचे आभार मानले.

शिवातात्या थांब्यावर उभेच होते. खाकी अर्धी विजार, पांढरी बंडी, मागं बंडीच्या गळ्यात अडकवलेली छत्री आणि पुढं गळ्यात पितळी शिट्टी. रामराम माझ्याआधी दोराला झाला. त्यांनी तो हुंगला, पीळ उलगडून बघितला आणि मग माझ्याकडं वळले.

"कुणी गुंडाळला हा? उलटा गुंडाळलाय."

"मोटारीत पायाखाली येत होता म्हणून मी जरा..."

"सरकारी जहाज असतं तर आज तुम्हांला जेवण नसतं," तात्या म्हणाले, आणि लगेच खदखदून हसले. "चला, मास्तर. आधी जेवू, मग चालू."

जेवण त्यांच्या पुतणीच्या सासरी होतं. तिथं तात्यांच्या थोरल्या भावाची बायको, भागीरथीकाकी, लेकीकडं चार दिवस मुक्कामाला आल्या होत्या. नऊवारी, कपाळावर गोंदण, बोलणं थोडं आणि तोडून. दुसऱ्या दिवशी चतुर्थी. ओटीवर पाटावर त्यांचा गणपती तयार होता, तोंडावर कोरं फडकं टाकलेलं. आम्हांला आज त्याच्यासकट पल्याडवाडीला पोचायचं होतं.

पल्याडवाडी कुडपणच्या पठाराखाली, एका पऱ्याच्या (डोंगरातून धावत येणाऱ्या ओढ्याच्या) पलीकडं. दर उन्हाळ्यात लोक त्यावर साकव (लाकडं टाकून केलेला पूल) बांधतात आणि दर पावसाळ्यात पऱ्या तो घेऊन जातो. मग दिवाळीपर्यंत वाडी एकटी; कुडपणवरून वळसा घालणारी एक निसरडी वाट तेवढी. मीठ नाही, टपाल नाही, आजारी माणसाला डॉक्टर नाही. निवृत्त होऊन आलेल्या तात्यांनी हे पाहिलं आणि त्यांना आगबोटीवरचा दोर आठवला. गेल्या साली त्यांनी पऱ्यावर दोर ताणला, दोरावर कप्पी, कप्पीला गोणपाटाची झोळी. पहिली मोठी खेप म्हणून काकींचा गणपती झोळीत बसवला.

"नि मधोमध गेल्यावं दोर बसला," काकी भात वाढता वाढता म्हणाल्या. "गणपती कमरेपत्तूर पाण्यात. एक पाय विरघळला, सोंडेचा रंग गेला. आदल्या दिवशीच विसर्जन. सुपारी पुजली मी घरात. आमचे धनी गेल्यावं मी मांडलेला पयलाच गणपती व्हता त्यो."

तात्यांनी भातात आमटी कालवली आणि वर पाहिलं नाही.

"भावजी, तुमचा नवा दोर चांगला असंल," काकी पुढं म्हणाल्या. "पण माजा गणपती त्यावं जायचा नाय. मी कुडपणच्या अंगानं वरनं डोईवर घिऊन जाईन."

"वैनी, वाट निसरडी हाय. अर्धा दिस मोडंल. नि या वयात..."

"मोडू दे. वय माजं हाय."

आम्ही निघालो तेव्हा तात्यांनी मला सगळं उघड सांगितलं. काकींचा गणपती दोरावरून गेला नाही, तर वाडीत दुसरं कुणीही त्या झोळीत पाय ठेवणार नाही. मीठही नाही आणि माणूसही नाही. लोक गेल्या सालापासून हसतच होते. "मग दोर गोधड्या वाळत घालायला," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता आणि मला त्यांच्याविषयी खरोखरच वाईट वाटलं.

दोर दोन गड्यांनी बांबूवर घेतला होता. काकी गणपती डोक्यावर घेऊन आमच्या मागून, पऱ्यापर्यंत वाट एकच म्हणून. भातखाचरांच्या बांधावरून चालता चालता मी माझे प्रश्न काढले आणि तात्यांची कळी खुलली.

"लाकूड का? अहो, तळाशी सुरुंग पेरलेले. वरून लोखंडी जहाज गेलं की लोहचुंबकाला कळायचं, आणि धडाम! मग लोखंडी जहाजांभोवती विजेची तार फिरवून त्यांचं लोखंडपण झाकलं, नि सुरुंग काढायला बांधली लाकडी जहाजं. आमच्या कोकणी सागाची! जगातली आरमारं लोखंडावर गेली नि पुन्हा लाकडावर आली."

"आणि लढाई संपल्यावर?"

"लढाई संपली म्हणून सुरुंग थोडेच संपतात? माणसं घरी गेली, हारतुरे झाले, नि आम्ही आपले समुद्र झाडतोय, कोळ्यांची होडी उडू नये म्हणून. पुढं तीच जहाजं किनाऱ्याची खोली मोजायला, वादळात सापडलेल्यांना काढायला. तोफ तीच, पण तिच्यावर कपडे वाळत." ते थांबून माझ्याकडं वळले. "लिहून घ्या की."

चालता चालता कसं लिहिणार? पण मी मान हलवली.

मग दोराची गोष्ट आली. पूर्वी जहाजातलं धान्य, इंधन संपलं की बंदर गाठायचं. लढाईत थांबणं म्हणजे पाणबुडीला आमंत्रण. म्हणून दोन जहाजं जवळ जवळ चालत राहायची, मध्ये दोर टाकायचा आणि त्यावरून पीठ, बटाटे, टपाल, पाय मोडलेला खलाशी, सगळं इकडून तिकडं. आणि तो दोर एका टोकाला कधी बांधायचा नाही. पंधरावीस माणसांनी हातात धरायचा. जहाजं लांबली की ढिला सोडायचा, जवळ आली की ओढून घट्ट.

"तुम्ही कधी बसलात त्या झोळीत?" मी विचारलं.

"मी? बसायचं काम पाहुण्यांचं. आमचं काम ओढायचं." एवढं बोलून तात्या जरा पुढं झाले. मागून काकींनी हे ऐकलं असणार, कारण काकी एकदम खाकरल्या.

पऱ्या दिसायच्या आधी ऐकू आला. तांबडं पाणी, फेस, मध्येच एखादी फांदी गरगरत जायची. पलीकडच्या काठावर वाडीतली माणसं जमली होती, बायकाही. गेल्या सालचा काथ्याचा दोर अजून तसाच लोंबत होता. त्याला नव्याचं टोक बांधून पलीकडच्यांनी तो ओढून घेतला. आमच्या बाजूचं टोक एका ऐनाच्या झाडाला पक्कं केलं. पलीकडं मात्र जांभळीच्या बुंध्याला एक वेढा देऊन माणसांनी धरायचा, असा तात्यांचा हुकूम.

यावर पलीकडून आरडाओरड झाली. पाण्याच्या आवाजात एवढंच कळलं, "तात्यानू, झाड काय हालतंय व्हय? बांधू की!"

तात्या मला म्हणाले, "गेल्या साली हेच बोलले. मलाही पटलं. जहाजं हालतात म्हणून दोर धरायचा, झाडं हालत नाहीत, मग बांधू. दोन्हीकडं बांधला नि घात झाला. ओझं मधोमध गेल्यावर दोर बसला, तर तो ताणायला कुणाचा हात दोरावर नव्हताच. एवढी वर्षं नोकरी केली, पण दोर जहाजासाठी धरत नाहीत, वरच्या ओझ्यासाठी धरतात, हे मला इथं येऊन कळलं, मास्तर."

मग त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि हातवारे करून पलीकडच्यांना रांगेत उभं केलं. पहिल्यांदा एक भोपळा गेला. भोपळ्याचं काहीच बिघडलं नाही. मग तात्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"वजन किती तुमचं? वैनी नि गणपती मिळून तेवढंच होईल."

पुण्याला मी आरमारांच्या साहसांविषयी फार उत्साहानं लिहिलं होतं, हे मला त्या क्षणी आठवलं. काकी डोक्यावरच्या गणपतीच्या फडक्याखालून हसत होत्या, हे मात्र स्पष्ट दिसलं. मी झोळीत बसलो. शिट्टी वाजली, झोळीला बांधलेल्या बारक्या दोरीनं पलीकडून मला ओढायला सुरुवात झाली. मध्यावर आलो तसा दोर खाली खाली जाऊ लागला. पाणी तळव्यांना लागलं, माझी उजवी वहाण निसटली आणि सावित्रीच्या दिशेनं निघून गेली. तेवढ्यात शिट्टीचा लांब सूर आला. पलीकडची सगळी रांग एकदम मागं रेलली आणि मी हातभर वर उचलला गेलो. तो वर जाण्याचा क्षण मी जन्मात विसरणार नाही. काठाला लागलो तेव्हा एका पायात वहाण, चेहऱ्यावर हसू आणि सगळ्या वाडीचा गलका, असं माझं स्वागत झालं.

आता सगळे समोरच्या काठाकडं बघू लागले. काकी गणपती डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. कुडपणची वाट तिथूनच वर फुटत होती. काकींनी त्या वाटेकडं एकदा पाहिलं. मग काकींनी गणपती तात्यांच्या हातात दिला, काष्टा घट्ट केला आणि एकट्याच झोळीत बसल्या. सगळ्या रांगेनं मिळून त्यांना कसं आणि केव्हा इकडं आणलं, मला कळलंही नाही. एका हातानं दोर धरलेला, दुसरा मांडीवर, चेहरा अगदी निवांत.

उतरल्या त्या सरळ जांभळीकडं गेल्या. रांगेतल्या पहिल्या गड्याला बाजूला सारलं, पदर कमरेला खोचला आणि दोर हातात घेतला. मग पऱ्यावरून ओरडल्या, "भावजी! गेल्या साली गणपती पाण्यात व्हता नि तुमी काठावं. अवंदा (यंदा) त्याच्यासंगं तुमी बसा. दोर मी धरते!"

पलीकडं तात्या गणपती छातीशी धरून उभे. दोन महायुद्धांतला दोरवाला म्हणून मी ज्याचं मनात चित्र रंगवलं होतं (खरं तर एकाच महायुद्धातला, पण मी जरा वाढवून ठेवलं होतं), तो माणूस झोळीकडं बघत होता आणि त्याचा पाय उचलत नव्हता. त्यांनी आयुष्यभर माणसं दोरावर चढवली होती. स्वतः कधीच बसले नव्हते.

शेवटी बसले. गणपती मांडीवर, दोन्ही हातांनी कवटाळलेला, म्हणजे शिट्टी वाजवायला हात नाही. झोळी सुटताच त्यांनी तोंडानं हुकूम सोडायला सुरुवात केली, "ढिल! ढिल! आता तान! बाबांनो, डावीकडची बाजू..."

"गप ऱ्हावा, भावजी!" काकी गरजल्या. "मला डोळं हायत!"

तात्यांनी गणपती आणखी घट्ट धरला. मध्यावर दोर बसू लागला. काकींनी पाण्याकडं पाहिलं नाही, फक्त झोळीकडं पाहिलं, आणि "व्हा मागं!" म्हणाल्या. मीही रांगेच्या शेपटाला लागलो होतो. तळहात सोलवटले, पण दोर वर आला. गणपतीवरचं फडकं वाऱ्यानं जरा उडालं आणि मला सोंड दिसली. रंग जिथल्या तिथं होता.

काठाला आल्यावर तात्यांना उठता येईना. काकींनी आधी गणपती उचलला, डोक्यावर घेतला. मग दुसरा हात दिराला दिला. "या," एवढंच म्हणाल्या. तात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पऱ्याचे तुषार आहेत, असं ते मला दोन दिवस सांगत होते, आणि मी दोन दिवस हो म्हणत होतो.

त्या संध्याकाळी पोलादपुराहून आणलेले वाडीतले बाकीचे गणपतीही दोरावरून आले, आणि मागून एक मिठाचं पोतंही. दुसऱ्या दिवशी काकींच्या घरी उकडीचे मोदक खाल्ले. किती ते बायकोला सांगितलेलं नाही. आरतीच्या वेळी तात्या झांजा घेऊन पुढं होते आणि सगळ्यांना ताल चुकल्याबद्दल झापत होते. सगळं पूर्ववत झालं होतं.

दीड दिवसाचा गणपती पोचवून तिसऱ्या दिवशी मी निघालो, तात्यांच्या जुन्या वहाणा पायात घालून. त्या एक बोट मोठ्या होत्या. वरंधच्या घाटात ढग उठले होते आणि खाली सावित्रीचं सगळं खोरं हिरवंगार उघडं पडलं होतं. मोटार वर चढत होती आणि माझ्या सोललेल्या तळहातांनी गज धरवत नव्हता, पण मी मजेत होतो. पुस्तकात मी जहाजं बदलली, इंधन बदललं, शस्त्रं बदलली, असं सगळं लिहिलं होतं. माणसं त्यात फारशी नव्हती. आता ती घालायची ठरवलं.

घरी बायकोनं हातांना लोणी लावता लावता सगळी हकिगत ऐकली आणि नेमका तोच प्रश्न विचारला. "पण आता दोर चांगला आहे, ताणायचा कसा तेही कळलंय. एकदाच घट्ट ताणून झाडाला बांधून का नाही टाकत? रोज एवढी माणसं कशाला?"

निघताना झोळीत बसता बसता मीही काकींना हेच विचारलं होतं. त्या रांगेत पहिल्या उभ्या होत्या, त्यांच्या मागं तिसऱ्या जागी तात्या. काकींनी हातातला दोर जरा सावरला आणि माझ्याकडं पाहिलं.

"झाडाला काय ठावं," त्या म्हणाल्या, "वर कोन बसलाय त्यो?"